चौथ्या वळणावरच्या पाठी

सकाळी सात वाजता घोंगडी टाकली तेव्हाच खरं तर डेल्बर्ट क्रात्झर अडकला होता. बक हॉलोच्या मोटार शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर जागा तिकिटाने मिळत नाही, घोंगडीने मिळते. शनिवारी सकाळी यायचं, आपल्या फळीवर घोंगडी अंथरायची, चारी कोपरे चिकटपट्टीने पक्के करायचे आणि घरी जाऊन जेवायचं. संध्याकाळी पाच हजार माणसं लोटली तरी त्या घोंगडीला कुणी हात लावत नाही. आमच्या खोऱ्यात बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातील, पण परक्याची घोंगडी बोटभर सरकवणार नाहीत.

डेल्बर्टची घोंगडी अडतीस वर्षं एकाच ठिकाणी पडत आली होती. चौथ्या वळणावरचा स्टँड, सगळ्यात वरची रांग, बरोबर मधोमध. मागे लोखंडी कठडा, पुढे आज एका अनोळखी माणसाचं टक्कल, एका बाजूला लमार बीचर आणि दुसऱ्या बाजूला लमारची बायको फर्न. शर्यत रंगली की नवऱ्याचं कोपर बरगडीत बसतं म्हणून फर्नने वीस वर्षांपूर्वी डेल्बर्टला दोघांच्या मध्ये बसवला होता, आणि तेव्हापासून ती कोपरं डेल्बर्ट खात होता. त्याची काही तक्रार नव्हती. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, एका जागी बसून राहण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आज मात्र त्याला त्या जागेवर बसवेना.

मंगळवारी त्याची मुलगी कॉरिन स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, मी लग्न करतेय. ऑक्टोबरमध्ये."

"अरे वा! कोणाशी?"

"क्लेशी. क्ले ब्रूबेकर."

डेल्बर्टने हातातला कप खाली ठेवला. ठेवला म्हणजे बशीत नाही, बशीच्या बाजूला. कॉफी टेबलावरून वाहत त्याच्या मांडीवर आली तरी तो उठला नाही. त्याची बायको वॉनेटा ओट्यापाशी शेंगा निवडत होती. तिने नुसता फडका पुढे केला. म्हणजे तिला हे आधीपासून माहीत होतं.

आता क्ले ब्रूबेकर म्हणजे कोण, हे बक हॉलोत शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी, बावीस वर्षांचा असताना, चौथ्या वळणावर जागा नसताना त्याने गाडी घुसवली आणि व्हर्नन झूकची नऊ नंबरची गाडी कुंपणापलीकडे उडवली. व्हर्नन म्हणजे खोऱ्याचा देव. त्याची कंबर मोडली, आणि तो परत कधी गाडीत बसला नाही. आता त्याचा मुलगा ट्रेंट नऊ नंबर चालवतो. त्या अपघातानंतर तीन आठवड्यांनी ब्रूबेकर जिंकला, स्टँडसमोर गाडी थांबवून गाडीच्या टपावर चढला आणि त्याने हात उंचावले. तेव्हा वरच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला, एक शब्द न बोलता वळला आणि ट्रॅककडे पाठ करून मागच्या पार्किंगच्या शेताकडे बघत राहिला. शेजारी लमार वळला, मग फर्न, मग पुढची रांग. महिनाभरात पूर्ण स्टँड वळायला लागला. वर्षभरात लमारने शर्ट छापून आणले, पाठीवर हातभर मोठा नऊचा आकडा. ब्रूबेकर जिंकला रे जिंकला की त्याच्यापुढे पाचशे पाठी, त्यांवर नऊचे पाचशे आकडे आणि स्मशानशांतता. शिव्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. त्याचंच लोकांना कौतुक होतं.

तो वळणारा पहिला माणूस डेल्बर्ट क्रात्झर. आयुष्यात दुसऱ्या कशासाठी त्याला कुणी ओळखत नव्हतं. किराणा दुकानात अनोळखी माणसं येऊन त्याच्याशी हात मिळवायची. आणि त्या पाठींत नऊ वर्षांपूर्वी सतरा वर्षांची कॉरिनही असायची.

"तुला दुसरा कोणी मिळाला नाही?" मंगळवारी त्याने विचारलं होतं.

"दवाखान्यात कुत्रा घेऊन आला होता. आंधळा, म्हातारा कुत्रा. दोन रात्री खाली फरशीवर झोपला त्याच्याजवळ." कॉरिन गुरांच्या डॉक्टरकडे काम करते. "आणि एक ऐक. क्ले अपघातानंतर व्हर्ननच्या घरी गेला होता. व्हर्ननने त्याला आत घेतलं. दर नाताळात दोघं कॉफी प्यायला बसतात, आठ वर्षं झाली. व्हर्नन येणारे लग्नाला. तू येणार का ते सांग."

"मला कोणी सांगितलं नाही हे."

"तुम्ही पाठ करून उभे होतात ना सगळे. सांगणार कोणाला?"

शेवटी उठताना ती म्हणाली, "शनिवारी मी क्लेच्या माणसांबरोबर ट्रॅकच्या आत असेन. तो जिंकला तर फोटो असतो. शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या की खाली फाटकाशी ये. हेझलला मी सांगून ठेवते, ती तुला आत सोडेल. माझ्या शेजारी जागा ठेवते. आलास तर आलास. नाही आलास तर मी रागावणार नाही बाबा, पण परत विचारणारही नाही. चर्चमध्ये तुझ्याऐवजी आईचा हात धरून जाईन."

"मी तर निळा ड्रेस बघूनही ठेवलाय," वॉनेटा शेंगांकडे बघत म्हणाली.

तो फोटो म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बॉनीच्या हॉटेलात भिंतभर विजेत्यांचे फोटो आहेत, आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचे. माणसं अंडी-बटाटे खाता खाता बघत बसतात, कोण कोणाच्या शेजारी उभा होता. एकदा तिथे लागलात की नातवंडांपर्यंत तुम्ही त्या गाडीचे.

तर असा हा माणूस शनिवारी संध्याकाळी, पाठीवर नऊ नंबर घालून, लमार आणि फर्नच्या मध्ये बसला होता. अंगावर वाळका चिखल उडत होता आणि कानात बोळे होते.

"खा की!" फर्नने बिटाच्या रसात मुरवलेली अंडी पुढे केली. "तोंड का असं? वॉनेटाशी भांडलास?"

"भूक नाही."

"डेल्बर्टला भूक नाही!" लमारने दोन रांगा पुढच्या लोकांना ओरडून सांगितलं. "अँब्युलन्स बोलवा रे!"

लोक हसले. पुढचं टक्कल मागे वळून म्हणालं, "काका, तुम्हीच ना ते? पहिले वळलेले? आम्ही तीन तास गाडी हाकून आलोय, पोराला दाखवायला. आज ब्रूबेकर जिंकला तर मजा येईल!"

"कसली मजा," डेल्बर्ट पुटपुटला. पण त्याने हात मिळवला. काय करणार? नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

लमारला सांगून टाकावं असं त्याला संध्याकाळपासून चार वेळा वाटलं. दोन प्राथमिक शर्यतींच्या मध्ये जेमतेम मिनिटभर शांतता होते, आणि पोरीच्या लग्नाची गोष्ट मिनिटभरात कशी सांगायची? एकदा त्याने तोंड उघडलं, "लमार, ती कॉरिन आहे ना..." आणि तेवढ्यात खाली ढकलगाड्यांनी दहा गाड्या ढकलायला घेतल्या. या गाड्यांना स्टार्टर नसतो, मागून धक्का दिल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत. आणि एकदा सुरू झाल्या की शेजारच्याचं बोलणं राहिलं बाजूला, स्वतःचा विचारही ऐकू येत नाही.

"काय म्हणालास?" लमार ओरडला.

"काही नाही!"

मुख्य शर्यतीच्या आधी चोवीस गाड्या चार-चारच्या ओळीने, टपावर बसवलेले रुंद पत्र्याचे पंख एकमेकांना लागतील इतक्या जवळून, प्रेक्षकांना सलामी द्यायला हळू फिरल्या. सगळ्यांनी उभं राहून टोप्या हलवल्या. डेल्बर्टनेही हलवली. तिसऱ्या ओळीत आतल्या बाजूला ब्रूबेकरची पिवळी गाडी होती, आणि टोपी हवेत असताना डेल्बर्टला वाटलं, आपण त्यालाही हलवतोय की काय. त्याने ती पटकन डोक्यावर ठेवली.

त्याने ठरवलेलं काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर, पोरीसाठी खाली जायचं की मित्रांत बसून राहायचं हा प्रश्न त्याने चार दिवस ब्रूबेकरवर ढकलून ठेवला होता. तो हरला की झालं. फोटो नाही, फाटक नाही, काही नाही. एक शनिवार टळला तर पुढचं पुढे बघू. देवाकडे त्याने एवढंच मागितलं, आणि मागताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण मागितलं.

देवाने ऐकलं नाही. अकराव्या फेरीत पिवळी गाडी पुढे गेली आणि पुढेच राहिली. तो पोरगा गाडी काय सुंदर चालवत होता! वळणावर गाडी आडवी फेकायचा, मागचं चाक कुंपणाजवळच्या मातीच्या उंचवट्यावर टेकवायचा आणि तिथून गोफणीतल्या दगडासारखा सुटायचा. डेल्बर्टने नऊ वर्षं त्याला चालवताना नीट पाहिलाच नव्हता, त्याचे डोळे नऊ नंबरवर असायचे आणि शेवटी शेतावर. व्हर्नन तरुणपणी असाच चालवायचा. हे मनात आलं आणि डेल्बर्टला घाम फुटला.

फलकावर दहा फेऱ्या उरल्या. मग आठ. मग सहा.

खाली, स्टँडच्या पायथ्याशी, जाळीचं फाटक होतं आणि त्याच्याशी किल्ल्यांचा जुडगा घेतलेली म्हातारी हेझल. ती वर बघत होती. कोणाला तरी शोधत होती.

पाच.

डेल्बर्टने गुडघ्यांवर हात ठेवले. उठायचं. एवढंच. लमारच्या पायावरून पाय टाकायचा, अकरा माणसांना 'जरा सरका' म्हणायचं, तीस पायऱ्या उतरायच्या. तो अर्धा उठला, तोच फर्नने त्याचं मनगट घट्ट धरून त्याला खाली ओढलं. "बस! बस! अरे ट्रेंट आला बघ!"

आणि खरंच आला. निळी नऊ नंबरची गाडी मागून सरसरत आली, चौथ्या वळणावर कुंपण घासत वरच्या कडेने गेली आणि त्यांच्या नाकासमोर ब्रूबेकरला मागे टाकून पुढे झाली. स्टँडवर एकच जल्लोष उसळला. लमारचं कोपर बरगडीत बसलं, फर्न किंचाळली, टकल्याने पोराला खांद्यावर घेतलं. आणि डेल्बर्ट खाली बसला. सुटलो, त्याला वाटलं. सुटलो रे बाबा! इतकं हलकं त्याला मंगळवारपासून वाटलं नव्हतं. त्याने अंड्यांच्या डब्यात हात घातला आणि एक आख्खं अंडं तोंडात टाकलं.

चार, तीन, दोन. तो फाटकाकडे बघतच नव्हता.

शेवटच्या फेरीत, चौथ्या वळणावर, ट्रेंटचं मागचं चाक त्या मातीच्या उंचवट्यावर चढलं. वीतभरच जास्त. गाडी एकदा हिसकली. तेवढ्यात पिवळी गाडी खालून, वळणाच्या आतल्या बाजूने निघाली, आणि अंतिम रेषेवर तिचं नाक पुढे होतं. कोणाचा कोणाला स्पर्शसुद्धा झाला नाही. ट्रेंटला मात्र गाडी सावरली नाही. पुढच्या वळणावर ती भिंतीला आपटली, एक पलटी खाऊन कुशीवर पडली. पाच हजार माणसांचा श्वास अडकला. मग ट्रेंट बाहेर आला, त्याने हात वर करून हलवला, आणि चिडून आपलेच हातमोजे जमिनीवर आपटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डेल्बर्टच्या तोंडात अजून अंडं होतं. ते गिळवेना आणि थुंकवेना.

ब्रूबेकरची गाडी रिवाजाप्रमाणे स्टँडसमोर येऊन थांबली. इंजिन बंद झालं. लोकांनी कानांतले बोळे काढले. आतल्या बाजूने त्याची माणसं धावत आली, आणि त्यांच्यात हिरव्या जॅकेटमध्ये कॉरिन. तिने आधी क्लेकडे पाहिलं नाही. तिने फाटकाकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"चला," लमार शांतपणे म्हणाला आणि उभा राहिला. फर्न उभी राहिली. सगळा स्टँड उभा राहिला. आणि पाचशे माणसं एकदम वळली.

आता एक गोष्ट डेल्बर्टला नऊ वर्षांत कधी कळलीच नव्हती, कारण तो नेहमी सगळ्यांबरोबर वळायचा. तो वरच्या रांगेत बसायचा. खालच्या सगळ्यांनी ट्रॅककडे पाठ केली की त्यांची तोंडं त्याच्याकडे होतात. आज तो वळला नाही, आणि पाचशे चेहरे त्याच्याकडे बघत होते. ओळखीचे, गंभीर, चिखलाचे ठिपके पडलेले चेहरे. टकल्याचा पोरगा बापाच्या खांद्यावरून त्याच्याकडे टकमक बघत होता. त्या सगळ्यांच्या मागे, खूप खाली, एक हिरवं जॅकेट.

"डेल्बर्ट," लमार शेताकडे बघतच कुजबुजला. "वळ ना."

डेल्बर्टने अंडं गिळलं. 

"लमार, तो माझा जावई होणारे."

तो हळूच बोलला होता. पण ती शांतता त्यानेच शिकवलेली होती, त्यात हळू बोललेलंही खालपर्यंत गेलं. सातव्या-आठव्या रांगेपर्यंत चेहरे बदलताना त्याला दिसले.

"कोण?" लमारने मान वळवली.

"ब्रूबेकर. कॉरिन त्याच्याशी लग्न करतेय. ऑक्टोबरमध्ये. मला खाली जायचंय, लमार. पाय बाजूला घे."

लमारने पाय घेतला नाही. मुद्दाम नसेल, त्याला सुचलंच नसेल. अडतीस वर्षांत त्याला डेल्बर्टकडून असं काही ऐकायची सवय नव्हती. "आणि हे तू मला आत्ता सांगतोस?" तो म्हणाला. "आत्ता? हा शर्ट घालून? मी घरचा नाही का रे तुझ्या?"

"सांगणार होतो."

"कधी? बारशाला?"

"लमार," फर्न म्हणाली, "त्याला जाऊ दे, मेल्या."

लमारने पाय घेतला. डेल्बर्ट त्याच्या गुडघ्यांना घासून बाहेर पडला. मग तो जिना. तीस पायऱ्या, दोन्ही बाजूंना चेहरे. कुणी शिवी दिली नाही, कुणी वाट अडवली नाही, आणि तेच अवघड होतं. रांगेमागून रांग लोक त्याच्याकडे बघत होते आणि तो पुढे गेला की त्याच्या मागे राहत होते. एका बाईने, जिच्याशी त्याची पंधरा वर्षं नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती, मान हलवली. हो म्हणून की छे म्हणून, कळलं नाही. त्याचा गुडघा दुखायला लागला होता. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यामुळे पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून तो कठड्याला धरून, म्हाताऱ्यासारखा, एकेक पाय टाकत उतरला.

फाटकाला कुलूप होतं.

"हेझल, उघड. मी आलो."

"पाच फेऱ्यांवर यायचं होतंस," हेझल म्हणाली. "वाट बघून मान दुखली माझी. आता पलटलेली गाडी उचलून ट्रक बाहेर जाईस्तोवर फाटक उघडत नाही."

"फोटो होऊन जाईल!"

"होऊ दे. पंचेचाळीस वर्षांत मी हे कुलूप ट्रॅकवर ट्रक असताना उघडलेलं नाही. राज्यपाल आला तरी नाही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो हेझलच्या जागी असता तर त्यानेही उघडलं नसतं. त्याने जाळीत बोटं अडकवली. वीस पावलांवर माणसं फोटोसाठी उभी राहत होती. पिवळी गाडी, वर करंडक, ब्रूबेकरचा चेहरा मातीने काळा आणि चष्म्याच्या जागी दोन गोरे गोल. त्याच्याजवळ कॉरिन, आणि कॉरिनच्या शेजारी एका माणसाएवढी जागा मोकळी. फोटोवाला हाताने खूण करत होता, जवळ या, जवळ या, ती फट भरा. कॉरिन हलत नव्हती.

"कॉरिन!" डेल्बर्टने हाक मारली. आवाज फाटला.

तिने पाहिलं. मग तिने क्लेची बाही धरली आणि त्याला, करंडकासकट, ओढत जाळीपाशी आणलं. बाकीची माणसं गोंधळून मागोमाग आली. ब्रूबेकर जाळीपुढे उभा राहिला. पाचशे पाठींसमोर नऊ वर्षं मान ताठ ठेवून उभा राहणारा तो पोरगा आता बूट मातीत घासत होता.

"नमस्कार, क्रात्झर साहेब," तो म्हणाला.

"ती शेवटची फेरी," डेल्बर्ट म्हणाला, आणि पुढे काय बोलावं त्याला कळेना. "खालून घेतलीस ती. चांगली घेतलीस."

"थँक यू, सर."

कॉरिनने जाळीतून एक बोट आत घातलं आणि त्याच्या बोटाला अडकवलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं. ती रडत होती आणि हसत होती. 

"अहो," फोटोवाला ओरडला, "तो जाळीमागचा माणूस मधे येतोय! त्याला जरा बाजूला व्हायला सांगा!"

"तो फोटोतच आहे," कॉरिन म्हणाली.

डेल्बर्टने मागे, वर पाहिलं. स्टँडवर अजून पाचशे पाठी होत्या, नऊचे पाचशे आकडे. काही लोक अवघडून चुळबुळत होते, दोघं-तिघं खाली बसले होते. अगदी वरच्या रांगेत लमार शेताकडे तोंड करून ताठ उभा होता, आणि त्याच्या शेजारच्या फळीवर डेल्बर्टची घोंगडी रिकामी पडली होती. ती पाठ ब्रूबेकरला होती की आपल्याला, हे काही केल्या डेल्बर्टला कळेना. तो बघत राहिला. लमार एकदा तरी मागे बघेल म्हणून बघत राहिला.

"बाबा," कॉरिन म्हणाली. "इकडे."

डेल्बर्ट वळला.